आप्पांची डाळतुला

येळवशीला आमदार रेवणआप्पा पाच रानांत जेवले. त्या अमावस्येला लातूर ओस पडतं, दुकानांना कुलपं लागतात, आणि जो तो आपल्या रानात कडब्याची कोप करून भज्जी, आंबील अन् उंडे घेऊन बसतो. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात पाहुणा होतो. आप्पा गेली कैक वर्षं पाहुणेच होते. कोपीपाशी गाडी थांबे, आंबिलीचा लोटा ओठाला लागे, फोटो निघे, आणि "आपल्याच रानात आल्यासारखं वाटून राहिलंय बगा," असं म्हणून आप्पा पुढच्या बांधाकडे निघत. ते खोटं बोलत नव्हते. आपलं रान कसं वाटतं हे आठवायला त्यांच्याकडे आता दुसरं साधनच उरलं नव्हतं.

त्यांची बायको शिवकांता त्या दिवशी बंगल्यातच राहिली. येळवशीच्या भज्जीत ओल्या तुरीचे दाणे असतात, आणि तुरीला ती शिवत नव्हती. आजची नव्हे, आप्पांच्या पहिल्या निवडणुकीपासून.

तेव्हा आप्पा सायकलवरून प्रचार करत. अंगानं असे की पायजम्याची नाडी दोन वेढे घेऊन बांधावी लागे. कोणी म्हणत नव्हतं की हा माणूस निवडून येईल. शिवकांतेनं देवहिप्पर्ग्याच्या महालिंगेश्वरापुढं पदर पसरला आणि बोलून बसली, "मालकांच्या वजनाला भारंभार तुरीची डाळ, आमच्या रानात पिकलेली, गावाला जेवू घालीन. तोवर मी तुरीला शिवणार न्हाई." देवानं ऐकलं. देव ऐकतो, अडचण पुढं असते.

पहिल्या वर्षी मंत्रिपद हुकलं म्हणून आप्पांना गावजेवणाची हौस नव्हती. दुसऱ्यांदा निवडून आले तर दुष्काळ. दुष्काळात तुला बरी दिसत नाही, टँकर बरे दिसतात. मधे एकदा पडले. पडलेल्या माणसानं काट्यावर बसू नये म्हणतात. पुढच्या खेपेला पक्ष बदलला होता, आणि मागच्या पक्षातला नवस नव्या पक्षात राहून फेडावा की कसं, हे विचारायला कोणी श्रेष्ठी मोकळे नव्हते. विधानसभेत त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारला, तालुक्याच्या बसस्थानकात पाण्याचा नळ कधी येणार. ज्या मंत्र्यांनी उत्तर दिलं ते पुढं आप्पांच्या पक्षात आले, मग आप्पा त्यांच्या आधीच्या पक्षात गेले. नळ कोणत्याच पक्षातून आला नाही. पण "कार्यसम्राट" ही पदवी आली, नाडीचे दोन वेढे जाऊन पट्ट्याला नवी भोकं आली, आणि घरात रोज हिंगाची फोडणी घातलेलं तुरीचं वरण शिजत राहिलं. शिवकांतेच्या ताटात मूग.

येळवस होऊन आठवडा झाला आणि रविवारी सकाळी दिवाणखान्यात कापडी बॅनर उलगडलं गेलं.

"वजन तेवढं सांगा," हनीफभाई म्हणत होते. उदगीरचे हनीफभाई काटेवाले. आज्यापासून त्यांच्या घरात तराजू अन् मापं दुरुस्त करायचं काम. इलेक्ट्रॉनिक काट्यांनी धंदा बसवला, तेव्हा त्यांनी आडतीतला जुना दांडीचा थोरला तराजू सोनेरी रंगवून तुलांसाठी भाड्यानं काढला. नेते वाढत गेले तसा धंदा सावरला.

"वजनाचं काय करता, चाचा?" आप्पांचा मुलगा मन्मथ म्हणाला.

"साखळ्या त्या हिशोबानं लावाव्या लागतात, मन्मथराव. मागं एका साहेबांच्या पीएनं इज्जतीसाठी वजन कमी सांगितलं. कडी तुटली. साहेब लाडवात जाऊन पडले."

आप्पांचे पीए आनंदराज सर गालातल्या गालात हसले. ते मुळात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मास्तर. आप्पांनी त्यांना तात्पुरतं म्हणून मागून घेतलं, आणि ते तात्पुरतेपण इतकं टिकलं की त्यांच्या वर्गातली पोरं आता आप्पांच्या सभांना खुर्च्या मांडत होती. भाषणं तेच लिहीत. "आप्पांचं वजन महाराष्ट्रात सगळ्यांना माहिताय, हनीफभाई," ते म्हणाले. "किलोत कुणी विचारलं नव्हतं."

इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून शिवकांता बाहेर आली. बॅनरवर तिचाच फोटो होता, हात जोडलेला. कुठल्याशा लग्नातून कापून काढलेला; खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी बोटं राहिली होती. खाली लिहिलं होतं: अक्कांचा नवस, जनतेचा उत्सव. कार्यसम्राट रेवणआप्पा यांची भव्य डाळतुला.

"बघ अव्वा," मन्मथ म्हणाला. "तू कधी बोलली न्हाईस, पण लेकाच्या ध्यानात व्हतं."

त्याच्या ध्यानात ते त्याच्या बायकोनं, सिंधूनं, महिन्याभरापूर्वी आणून दिलं होतं. पण शिवकांतेला ते कुठं ठाऊक. तिचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणी तिचा नवस तिच्यापुढं काढला होता. तिनं बॅनरच्या कापडावरून हात फिरवला, आणि खरं सांगायचं तर तिच्या जिभेवर हिंगाची चवही आली.

"कवा हाय?"

"उद्या. सोमवारी. बाजाराच्या मैदानात. मुंबईचे साहेब येऊन राहिले. आप्पांना तोलायचं, तू तुरीच्या वरणाचा पहिला घास घ्यायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि साहेब तिथंच माझं नाव जाहीर करतील. यंदा उमेदवार मी."

"आणि डाळ कंच्या रानातली रे?"

"डाळ व्हय? डाळ लई हाय. पाच मिलवाल्यांनी पोती दिली. कुणाचं नाव आधी लावायचं त्यावरून भांडून राहिले."

"मिलची." शिवकांतेचा हात बॅनरवरून निघाला. "आपली न्हाई का मग?"

"आपलीच म्हणायची की. आप्पांवरच्या प्रेमानं देऊन राहिले."

"प्रेमाची डाळ नवसाला चालत न्हाई, बाळा." ती नेहमीच्याच आवाजात बोलली, जवळच्याला ऐकू जाईल एवढ्या. "घरच्या रानातली बोलले मी. दुसऱ्याच्या डाळीनं फेडला तर दुसऱ्याचा नवस फिटतो. माझा तसाच ऱ्हातो."

"आत्याबाई, देवाला काय कळतंय डाळ कुठली ते," सिंधु बोलून गेली. मग सगळ्यांकडे बघून तिनं वाक्य सावरलं. "म्हणजे देव भावाचा भुकेला असतो, असं." आमदाराची बायको व्हायचा सराव ती बरेच दिवस करत होती.

"मग मी उद्या येत न्हाई," शिवकांता म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

बाहेर आधी कुणाला ते खरं वाटेना. या बाईनं या घरात कधी नाही म्हटलं नव्हतं. पण मन्मथच्या तोंडाचं पाणी पळालं. मुंबईच्या साहेबांनी होकार दिला होता तो अक्कांच्या नावावर. गावोगावच्या बाया आप्पांची शपथ घेत नसत, अक्कांची घेत. साहेबांनी स्पष्ट म्हटलं होतं, "अक्कांनी पोराला आशीर्वाद दिलेला लोकांना दिसू द्या, म्हणजे मला नाव घेता येईल. नाहीतर आप्पा आहेतच."

"घरची डाळ पाहिजे ना?" मन्मथ म्हणाला. "मग घरची शोधा. घर एवढं मोठं हाय."

सिंधूनं कोठी उघडली. तिच्याबरोबर महादेवी गेली, मन्मथची थोरली बहीण. तुलेसाठी म्हणून ती सकाळीच नांदेडहून आली होती, आणि आल्यापासून भावाचा रंगलेला चेहरा बघत मजेत होती. डाळ मिलची निघाली. तांदूळ देगलूरकडच्या एका कंत्राटदारानं पाठवलेला. गहू सोसायटीच्या चेअरमनचे, तूप दूध संघाचं, गूळ एका गुऱ्हाळवाल्याचा, ज्याच्या मेहुण्याची बदली आप्पांनी थांबवली नव्हती पण थांबवली असं त्याला वाटत होतं. सिंधु डबे उघडत गेली आणि झाकत गेली. शेवटी मिठाची पिशवी तेवढी विकत आणलेली सापडली.

"तेवढ्याला तरी जागा आता," महादेवी म्हणाली.

"ताई, चेष्टेची वेळ न्हाई ही. देवहिप्पर्ग्याचं रान हाय की आपलं. तिथं तूर असंल ना?"

"तिथं आप्पांचं इंजिनिअरिंग कॉलेज हाय, सिंधु. तू दरसाल ध्वजाला जातीस."

"कॉलेज पुढं. मागं मोकळी जागा दिसती."

"मागं क्रीडासंकुल हाय," मन्मथ दारातून म्हणाला.

"हाय?"

"मंजूर हाय."

दिवाणखान्यात परत सगळे जमले तेव्हा आप्पा सोफ्यावर पाय घेऊन बसले होते. घरातल्या भांडणात ते कधी पडत नसत, सभागृहातली सवय. महादेवी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अव्वाचं चुकलं कुठं? खरं बघाल तर पहिल्या निवडणुकीला व्हते तेवढेच आप्पा घरच्या डाळीचे. वरचे सगळे जनतेचे."

हनीफभाईंनी खोकला काढला. आनंदराज सरांनी मात्र मान वर केली. अशा वाक्यावरच त्यांची रोजी होती. "ताई, यातून मार्ग निघतो. जनतेचं वजन जनतेच्या डाळीनं तोलायचं. घरचं वजन घरच्या डाळीनं. अक्कांना पटंल."

"आणि घरची कुठून आणता?"

"ते म्हणताय व्हय," असं म्हणून सर पुन्हा कागदाकडे वळले.

मन्मथनं बहिणीला व्हरांड्यात नेलं. काय बोलला ते शिवकांतेला आत ऐकू आलं नाही, पण कॉलेजच्या अध्यक्षपदाचा शब्द दोनदा आला आणि जावईबापूंचं नाव एकदा. महादेवी परत आली ती थेट आईच्या तांदळापाशी बसली. एक खडा काढला. दुसरा काढला.

"अव्वा, एवढ्या बारीला ये की. पोराचं आयुष्य हाय. देव काय कोर्टात जाऊन राहिलाय?"

शिवकांतेनं लेकीकडे पाहिलं. बाहेर महादेवीचा चहा अजून कोमट असेल. "तू सकाळी माझ्याकडं व्हतीस," ती म्हणाली.

"आताबी तुझ्याकडंच हाय. म्हणून तर सांगून राहिले."

"बरं," शिवकांता म्हणाली, आणि लेकीनं सुपातून काढलेले खडे बाजूला टाकले. त्यातला एक तांदूळ होता. तो तिनं उचलून परत सुपात ठेवला.

दिवेलागणीच्या आधी आप्पा देवघराच्या उंबऱ्याशी आले. सहसा ते तिथं मतमोजणीच्या सकाळीच येत. इकडं तिकडं बघून हळूच खाली बसले, गुडघ्याला हात लावत.

"उद्या जाऊ नको तू," ते म्हणाले.

शिवकांतेच्या हातातली वात तशीच राहिली. एवढ्या माणसांत एकाला तरी समजलं. आणि ते तिच्या मालकांना समजलं. तिला आपलीच लाज वाटली, की एवढी वर्षं आपण मनातल्या मनात या माणसाला बोल लावत आलो.

"तुमाला पटलं म्हणा की."

"पटलं म्हणजे काय. पोरगं कच्चं हाय अजून. भाषणात 'माझे वडील' म्हणतंय, 'आपले आप्पा' म्हणत न्हाई. तू आली न्हाईस की साहेब काय त्याचं नाव घेत न्हाईत. मग ऱ्हायलं कोण? एक टर्म मीच काढतो. बसस्थानकाच्या नळाचं काम बी अर्धवट हाय." आप्पांनी तिच्या हातावर थोपटलं. "मग निवांत फेडू तुझा नवस. मोठा करू."

वात पुढं सरकली. शिवकांतेनं ती निरांजनात नीट बसवली. गेले तर पोराची खुर्ची, न गेले तर बापाची. तिच्या उपासाला या घरात एवढंच काम होतं. "काय व्हता हो नवस?" तिनं विचारलं. "आठवतंय का?"

"म्हणजे काय. गुळाचा की."

तिनं काडी ओढून दिवा लावला. आप्पांनी सवयीनं दिव्याला हात जोडले, मग तिच्याकडे बघून हसले, जसं ते कोपीतल्या बायांकडे बघून हसत.

सोमवारी सकाळी शिवकांता आंघोळ, पूजा करून, नवं इरकल नेसून व्हरांड्यात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. सोमवारी ती कधीच बोलत नसे. सूर्य उगवल्यापासून दिवा लागेपर्यंत मौन. घरच्यांना ते इतकं पाठ होतं की सोमवारी तिला कुणी काही विचारतही नसे, आणि बाकीच्या वारीही फारसा फरक पडत नसे.

"आली बघ अव्वा," मन्मथ सिंधूच्या कानात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. "वार सोमवारच कामून धरला कळलं का आता? रुसली तरी बोलायची भीती न्हाई." सिंधूनं नवऱ्याकडे पहिल्यांदाच जरा कौतुकानं पाहिलं. महादेवीनं ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आप्पांनी बायकोला गाडीत बसताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण पडलेला चेहरा उचलण्यात त्यांची हयात गेली होती.

मैदानात माणूस मावत नव्हता. सोनेरी तराजू मधोमध, व्यासपीठाच्या अंगाला. एका पारड्यावर गादी, लोड. दुसऱ्यापाशी पाच मिलची पोती, प्रत्येकावर आपापल्या मालकाचं नाव कॅमेऱ्याकडे तोंड करून. फक्त पाचव्या मिलची पोती मागं गेली होती. त्या मालकाला खुर्चीसुद्धा खांबाआड मिळाली होती, आणि तो मघापासून खांबाकडे बघून बसला होता.

आप्पांना चौघांनी उचलून पारड्यात बसवलं. साखळ्या करकरल्या. हनीफभाईंनी डोळे मिटले आणि उघडले. मग पोत्यावर पोतं चढत गेलं. आप्पा हळूहळू वर आले, हार, फेटा, जोडलेले हात, सगळं मिळून. काटा सारखा झाला तेव्हा टाळ्या पडल्या. मुंबईचे साहेब म्हणाले, "वा." आप्पा जमिनीपासून हातभर वर लोंबकळत लोकांना आशीर्वाद देत होते. तिथून उतरायची सोय मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

"आणि आता तो क्षण," आनंदराज सर माईकवरून म्हणाले. "ज्या माऊलीनं तप केलं, ती माऊली आज पंचवीस वर्षांचा उपास सोडणार."

सिंधूनं चांदीची वाटी आणली. वाफाळतं वरण, वर तुपाची धार, हिंग, कढीपत्ता. मन्मथनं चमच्यात घेतलं, कॅमेऱ्याला दिसेल असं धरलं आणि वाकला, म्हणजे तिला डोक्यावर हात ठेवायला सोपं जाईल.

वास आला आणि शिवकांतेच्या तोंडाला खरंच पाणी सुटलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. हाडामासाचं माणूस होतं. तिनं लेकाच्या हातातला चमचा घेतला, वाटीत परत ठेवला आणि वाटीवर आपला तळहात झाकण घातल्यासारखा ठेवला. वाफेनं हात पोळला तरी काढला नाही. मान हलवली. नाही.

मन्मथ वाकलेलाच राहिला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आनंदराज सरांना कितीसा वेळ लागणार. ज्यांनी न झालेल्या तलावाचं जलपूजन शब्दांत उभं केलं होतं, त्यांना एका वाटीचं काय. "बंधू-भगिनींनो," त्यांचा आवाज भरून आला, "पाहिलंत? अक्कांचा जुना नवस फिटला. पण त्यांनी इथंच, आपल्या साक्षीनं नवा नवस धरला. मन्मथराव आमदार होईपर्यंत ही माऊली तुरीला शिवणार नाही."

टाळ्यांनी मंडप हलला. बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. मन्मथ सरळ झाला, त्याचेही डोळे ओले. आपल्या आईनं आपल्यासाठी एवढं केलं, यावर त्याचा त्या क्षणी खरोखर विश्वास बसला होता. साहेब नाव घ्यायला उठले.

शिवकांता वाटीवर हात ठेवून उभी होती. दिवा लागायला अजून सगळी दुपार होती. तोवर हे नाव जाहीर होईल, संध्याकाळी बातम्यांत येईल, आणि उद्या ती बोलली तर म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. एवढ्या वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. बाळंतपणातही नाही. आप्पा पडले त्या दिवशी सोमवार होता, घर रडत होतं, ती गप्प होती. पण गप्प राहणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खोट्याला मान डोलावणं वेगळं, एवढं तिला पूजेपुढं बसून बसून कळत होतं. तिनं मनातल्या मनात महालिंगेश्वराला हात जोडले. ह्याचं प्रायश्चित्त करीन, म्हणाली. मग पुढं होऊन साहेबांच्या तोंडासमोरचा माईक आपल्याकडे ओढला.

"न्हाई," ती म्हणाली.

नेहमीचाच आवाज, जवळच्याला ऐकू जाईल एवढा. पण भोंगे चांगल्या कंपनीचे होते.

"नवा न्हाई. जुनाच हाय. मालकांच्या भारंभार डाळ, आमच्या रानात पिकलेली, असं बोलले व्हते मी. ही डाळ ह्या लोकांची हाय. ज्याची त्यानं घरी न्यावी."

आनंदराज सरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पदरी एवढी वाक्यं असून एकही पुढं येईना. बायांच्या घोळक्यातून देवहिप्पर्ग्याच्या भामाबाई उठल्या. अक्का नवी नवरी म्हणून गावात आली तेव्हा त्यांनी एकाच विहिरीवर पाणी भरलं होतं. त्यांनी चेष्टेनं विचारलं नाही. एकमेकींचं खुशाल विचारतात तसं विचारलं.

"अक्का, रान कुठं हाय मग तुमचं आता?"

"कॉलेजच्या मागं गं, भामाबाई," शिवकांता म्हणाली. "तिथं काय न्हाई. मोकळंच हाय." आणि ऐकलेलं विसरू नये म्हणून तिनं भर घातली, "मंजूर हाय."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग त्याच्या पुढची रांग. कॉलेजची पोरं, खुर्च्या मांडायला आणलेली, ज्यांनी फीमध्ये क्रीडाशुल्क भरलं होतं, ती तर पोट धरून बसली. हसू पुढं सरकत सरकत व्यासपीठाच्या पायऱ्यांपर्यंत आलं.

"मिरगात पेरते तिथं," शिवकांता भामाबाईंनाच सांगत होती, बाकी कुणी नाहीच असं. "येळवशीला तूर हाती यील. मग मालकांना तोलू आन् गावाला जेवू घालू. तवर कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला मी येत न्हाई."

आप्पांनी वरून, पारड्यातल्या पारड्यात गणित केलं. राजकारणात मुरलेला माणूस; पीक कधी येतं ते विसरला असला तरी निवडणूक कधी येते ते विसरला नव्हता. येळवस मतदानानंतर पडत होती. पोराची खुर्ची गेली, हे त्यांना लगेच कळलं. आपली राहिली का, हे कळायला त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फोन कानाला लावून गाडीकडे निघाले होते. फोन वाजलेला मात्र कुणी ऐकला नव्हता.

तेवढ्यात खांबामागचा पाचवा मिलवाला उठला. "अक्का म्हणतेत तर न्यावी लागंल बाबा," तो म्हणाला आणि त्यानं हमालांना खूण केली. त्याची पोती उतरली. आप्पा वीतभर खाली आले. ते बघून दुसऱ्याला वाटलं, आपण मागं राहिलो तर उद्या आपलंच नाव छापून यायचं. त्याचीही उतरली. मग तिसऱ्यानं कुणाला विचारलं नाही. प्रत्येक पोत्यागणिक साखळी करकरे आणि आप्पा जोडलेल्या हातांनी थोडे थोडे खाली येत, चेहऱ्यावर तेच हसू, कारण कॅमेरा अजून चालू होता. शेवटच्या पोत्याला पारडं जमिनीला टेकलं. धप्प असा आवाज झाला. फेटा एका डोळ्यावर आला.

"अव्वा, काय केलंस तू हे," मन्मथ म्हणाला. शिवकांतेनं त्याच्या गालावरून हात फिरवला. पुढं काही बोलली नाही. जेवढं मोडलं तेवढं मोडलं, उरलेला सोमवार सांभाळायचा होता.

महादेवी पायऱ्या चढून आली, आईच्या पोळलेल्या तळहाताकडे पाहिलं आणि पाण्याच्या बाटलीतलं गार पाणी त्यावर ओतलं. "अध्यक्षपद काय आता मिळत न्हाई," ती म्हणाली. "बी-बियाणं मी आणते कंधारहून. मामाकडची तूर चांगली असती." सिंधु तिथंच वाटी घेऊन उभी होती. वरणावर साय धरत होती आणि वाटी कुणाला द्यावी, हे तिला कळत नव्हतं.

मंडप रिकामा होत होता. हनीफभाई साखळ्या सोडवत होते. आप्पांना दोघांनी धरून गादीवरून उठवलं आणि गाडीकडे नेलं. हनीफभाईंनी जाणाऱ्या आप्पांकडे पाहिलं, मग शिवकांतेजवळ येऊन अदबीनं उभे राहिले.

"अक्का, पुढल्या येळवशीला काटा धरून ठेवू ना? वजनाचा अंदाज तेवढा सांगा. तवाचं, आजचं न्हाई."

गाडीत बसणाऱ्या आप्पांकडे तिनं एकदा पाहिलं, हात पुढं केला, तळवा जमिनीकडे धरला आणि हळूहळू खाली नेला. बराच खाली.

"बरं," हनीफभाई म्हणाले. "मग साखळ्या बारीक लावतो."